उद्याची पाळी उचललेला माणूस

सकाळी सातची एस्टी होती. मी गाव सोडलं त्या दिवशी माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक कॅनव्हासची पिशवी आणि पिशवीत सुयांचा डबा, एवढंच सामान होतं. आई थांब्यापर्यंत आली नाही. दारातच म्हणाली, "भिकाजी, भाव करायचा तो बाजारात कर. माणसाशी करू नको." मी दहा वर्षांचा असल्यापासून ती मला हे सांगत होती, आणि तेव्हापासून मी ते ऐकत नव्हतो.

थांब्यावर सुलोचना उभी होती. जहाजावरचा माझा सोबती अनंता, त्याची बायको. अनंता दर्यात राहिला त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. ती मला गाठायलाच आली होती हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"भावोजी, तुम्ही लांब चाललात म्हणून विचारते. एकच विचारते. माझं शेवटचं पत्र त्यांना मिळालं होतं का? त्या दिवशी ते माझ्यावर रागावलेले होते का?"

"वहिनी, गाडी सुटते आहे," मी म्हणालो.

गाडी सुटत नव्हती. कंडक्टर अजून समोरच्या हॉटेलात चहा पीत होता. मी आत चढलो आणि ती उभी होती त्याच्या उलट्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसलो. तिच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्या सुयांच्या डब्यात होती. ती घेऊन मी लखनौला आलो.

गावच्या मंडळाचं पत्र आलं की बाहेरगावी राहणाऱ्यांनी स्मरणिकेसाठी आठवणी पाठवाव्यात. तिकडची हवा, तिकडचे सण, गावाची ओढ, असं काहीतरी. मी ताडपत्रीचा धंदा करतो, मला ओढीबद्दल लिहिता येत नाही. पण ही स्मरणिका नारळीपुनवेच्या आधी गावात पोचते आणि तिच्यातलं निवडक देवळासमोर मोठ्याने वाचतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून बसलो. मंडळींनी दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

बाहेर वाढलेल्या पोरांना आपली रीत माहीत नसेल म्हणून सांगतो. नारळीपुनवेला खाडीच्या तोंडाशी गाव जमतं. आधी दर्याचा मानाचा नारळ जातो. मग गावातले जे जे पुरुष दर्यात राहिले, ज्यांची माती घरी आली नाही, त्यांचं एकेकाचं नाव पुकारतात आणि त्याच्या घरचं माणूस एक नारळ पाण्यात सोडतं. ज्याने आपणहून पाण्यात जीव दिला त्याचं नाव घेत नाहीत. अनंताचं नाव घेत नाहीत. सुलोचना दर वर्षी नारळ घेऊन येते, नावं संपेपर्यंत उभी राहते आणि नारळ पदराखाली घेऊन परत जाते. माझ्या भावाने पत्रात लिहिलं की ती ते नारळ फोडत नाही. फळीवर ठेवते. आता तिथे सोळा नारळांची रांग आहे. आतलं पाणी आटलेलं. हलवले तर खुळखुळतात.

अनंताने जीव दिला नाही. मला हे सिद्ध करायचं आहे. त्यासाठी मला माझी बाजू सोडावी लागणार आहे, आणि ते मी आयुष्यात कधी केलेलं नाही.

लखनौला मी कसा आलो ते थोडक्यात. जहाजावर मी सुकाणी होतो, पण हाताला कॅनव्हासचं काम चांगलं होतं. मालाच्या तोंडावर घालायच्या जाड ताडपत्र्या मी शिवायचो, तळहाताला चामडं बांधून, सुई त्या चामड्याने रेटत. पुढे भरतीचे बोलावे कमी झाले. महिनोन्‌महिने मुंबईच्या खोलीत बसून नंबराची वाट पाहायची. त्या दिवसांत गोदीत एका ट्रकमालकाची फाटकी ताडपत्री मी शिवून दिली. तो उलटीपालटी करून बघत राहिला आणि म्हणाला, "लखनऊ चलो भैया, वहाँ तिरपाल सीने वाला ढंग का आदमी नहीं है." कामाचं म्हणाल तर मला मुंबईतही मिळालं असतं. पण मुंबईहून गाव एका रात्रीच्या अंतरावर होतं आणि गावातल्या प्रत्येक वळणावर सुलोचना भेटायची. लखनौला समुद्र नाही. तिथली कोणी मला काही विचारणार नव्हती.

ट्रान्सपोर्ट नगरात एका गॅरेजच्या पडवीत मी सुरुवात केली. आज माझं दुकान आहे, चार कारागीर आहेत. गोमती नगर नवं उभं राहत होतं तेव्हा निम्म्या बांधकामांवर माझी ताडपत्री होती. हे कोणाच्या मेहेरबानीने झालं नाही. मी भांडून केलं. पण इथे भांडायचीही पंचाईत. मी टेबलावर हात आपटून ओरडायचो आणि समोरचा व्यापारी पान चघळत म्हणायचा, "अरे हुज़ूर, आप तो नाराज़ हो गए. पहले ठंडा पीजिए, दुकान आप ही की है." रागाला धरायला काही सापडायचंच नाही. ठंडा पिऊन झाला की भाव त्याचाच ठरलेला असायचा. ही विद्या शिकायला मला पाच वर्षं लागली.

घरी आम्ही मराठी बोलतो, म्हणजे मी आणि बायको बोलतो. मुलगी सगळं समजते आणि हिंदीत उत्तर देते. मी फोनवर कुणावर तरी ओरडत असलो की म्हणते, "पापा, सामने वाला बहरा नहीं है." मे महिन्यात लू सुटते, कूलरमधलं पाणी दुपारपर्यंत आटतं, लाइट जाते, आणि मी खाटेवर पडून वाऱ्याची दिशा ओळखायचा प्रयत्न करतो. सवय आहे. वारा ओळखून इथे कुठे जायचं नसतं.

असं सगळं बरं चाललं होतं. मग सारंग लखनौला आला.

सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. शांताराम सारंग, आमच्या शेजारच्या वाडीचा. अनंता गेला त्या जहाजावर तोच आमचा सारंग होता. त्याचा मुलगा मोहन बँकेत, त्याची बदली लखनौला झाली, इंदिरा नगरात घर घेतलं आणि विधुर बापाला बरोबर आणलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीच्या वेळी कोणीतरी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काय रे भिक्या, इथे पण घासाघीस करतोस की सोडलीस?"

माझ्या अंगाची लाही झाली. जगातल्या एका माणसाचं तोंड मला बघायचं नव्हतं, तर तो हाच होता. अनंताचं नाव कोणी घालवलं असेल तर ते याने, असं मी इतकी वर्षं मनाशी धरून होतो. तरीही पुढच्या रविवारी मी स्कूटर काढून इंदिरा नगरला गेलो. त्याच्या पुढच्याही. माणूस जिभेने दुखऱ्या दाताला परत परत चाचपतो, तसं.

सकाळी गच्चीवर आम्ही बसायचो. म्हातारा सुनेच्या कपड्यांच्या दोरीला वेगवेगळ्या गाठी मारून ठेवायचा. सून वर येऊन म्हणायची, "काका, तुम्हीच समजवा ना यांना. कल कपडे काढायला मला कैंची आणावी लागली." आणि सारंग म्हणायचा, "पोरी, ती गाठ एका बोटाने सुटते. बोट कुठलं ते कळलं पाहिजे."

मग आम्ही बोलत राहायचो. पत्रं वाटली जायची तेव्हा सगळ्या जहाजावर पसरणारी शांतता. गंज खरवडायच्या हातोड्यांचा दिवसभर चालणारा टकटकाट, जो झोपेतही कानात वाजायचा. उस्मान, आमचा भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, आठवायचा. त्याने घरून आणलेली आमसुलं तो कुलपात ठेवायचा आणि वादळ असेल त्याच दिवशी आमटीत घालायचा. म्हणायचा, "आज पोटात राहणार नाही, निदान तोंडाला तरी घर लागू दे." उस्मान गेला. हमीद गेला, स्वतःच्या अंगणात, नमाजाला उठताना. पम्पवाला दाजी गेला. एकेकाचं नाव निघायचं, एकेकाची नक्कल व्हायची, हसायचो. अनंताचं नाव दोघेही घेत नव्हतो. ते नाव जवळ आलं की सारंग म्हणायचा, "चहा सांग रे खाली."

आता त्या दिवसाचं सांगतो.

सिंगापूर एका दिवसावर होतं. त्या चिंचोळ्या समुद्रात जहाजांची ये-जा फार, म्हणून सुकाण सतत हातात धरावं लागायचं. दोन-दोन तासांची पाळी. माझी दहा ते बारा, अनंताची बारा ते दोन, हमीदची दोन ते चार. सुकाणाचा एक नियम आहे आणि तो कधी मोडत नाही. पाळी बदलायला माणूस आला की सुटणारा मोठ्याने दिशेचा आकडा सांगतो. येणारा तोच आकडा मोठ्याने परत म्हणतो. तो म्हणेपर्यंत पहिल्याने सुकाणावरून हात काढायचा नाही. बदली आली नाही तर सुकाणी तिथूनच सांगतो, आणि पाच मिनिटांत सारंग त्या माणसाला शोधायला धावतो.

सकाळी चहाच्या वेळी अनंता माझ्याजवळ आला. त्याच्या हातात सुलोचनाचं पत्र होतं, मागच्या बंदरात आलेलं. चेहरा असा फुललेला की मला वाटलं परत मुलगी झाली. पत्रात तिने सुतळीचा एक तुकडा पाठवला होता, दोन टोकांना दोन गाठी. मुलीच्या पावलाचं माप.

"बघ रे, पाय बघ केवढा झाला! मी निघालो तेव्हा माझ्या मुठीत मावायचा." मग म्हणाला, "भिक्या, आज बारा ते दोन माझं सुकाण तू धर. कपड्यांना वास मारतोय, न्हायचंय, जरा माणसात येतो. उद्या बंदरात तुझी पाळी मी करतो. तू बाजारात जा."

बंदरात जहाज लागलं की शिडीवर पहारा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझा होता, आणि मला बाजारात जायचं होतं. सगळं जहाज खरेदीला मलाच न्यायचं, मी भाव पाडायचो म्हणून. अनंता मला फुकटात सुटका देत होता. पण मी मी आहे.

"दोनाला दोन कशाला? उद्या चार तास कर."

"मेल्या, दोस्ताशी पण भाव?"

"चार."

"बरं बाबा, चार. पण मग पोरीचे बूट तू आणायचेस. लाल. आणि भाव असा पाड की दुकानदार रडला पाहिजे." त्याने ती सुतळी माझ्या खिशात कोंबली आणि हसत गेला.

पाळीची अशी अदलाबदल सारंगला विचारल्याशिवाय करायची नसते. मी विचारलं नाही. मागे दोनदा त्याने मला यावरून झापलं होतं आणि मला त्याच्यापुढे तोंड वेंगाडायचं नव्हतं. बारा वाजले. बदली कोणी आलं नाही, यायचं नव्हतंच. पाळीवरच्या साहेबाने, सेकंड मेटने, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावली. मी आणखी दोन तास सुकाण धरून उभा राहिलो, बाजारात काय काय घ्यायचं ते ठरवत. खाली सगळ्यांना वाटत होतं अनंता सुकाणावर आहे. मला वाटत होतं तो खाली आहे. त्या दोन तासांत तो कोणाच्याच लेखी हरवलेला नव्हता.

दोन वाजता हमीद आला. "अरे, तू? अनंताची पाळी ना?"

"तो खाली पडलाय."

"कुठे? मी खोलीतूनच येतोय."

मी आकडा सांगितला. "वन-थ्री-झीरो." हमीदने परत म्हटला. "वन-थ्री-झीरो." मी हात काढले आणि धावलो.

मागच्या डेकवर त्याच्या चपला होत्या. साबण होता. एका बादलीत भिजवलेले कपडे होते. दुसरी, दोर बांधलेली बादली, जिने आम्ही समुद्राचं पाणी ओढायचो, ती खुंटीवर नव्हती. गोडं पाणी मोजकं मिळायचं, म्हणून कपडे आधी खाऱ्या पाण्यातून काढायची सगळ्यांना सवय. चालत्या जहाजावरून बादली सोडली की पाणी तिला असं ओढतं की दोर मनगटाला गुंडाळलेला असेल तर माणूसही बरोबर जातो. दोर मनगटाला गुंडाळू नको, हे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात. आणि जुने खलाशी रोज गुंडाळतात. मीही गुंडाळायचो.

जहाज फिरवलं. दुसरी दोन जहाजंही थांबली. सूर्य मावळेपर्यंत शोधलं. काही सापडलं नाही.

मग कॅप्टनच्या खोलीत चौकशी. आमच्या सगळ्यांच्या पुढे सारंग उभा राहिला आणि म्हणाला, "साब, अनंताला ताप होता. मीच त्याला पाळीतून सुटी दिली होती. तो खोलीत झोपलेला होता. भिकाजीला त्याच्या जागी मी ठेवलं." कॅप्टनने लिहून घेतलं. माझं खलाशाचं पुस्तक, ज्यावर पुढची भरती मिळते, ते जप्त होण्यापासून वाचलं, सेकंड मेटचं वाचलं, सारंगचंही.

आणि तो कागद गावात पोचला तेव्हा त्याचा अर्थ काय झाला, ते तुम्ही सगळे जाणता. तापाने झोपलेला माणूस उठून एकटाच मागच्या डेकवर कशाला जाईल? नुकतंच बायकोचं पत्र आलेलं. काय लिहिलं होतं तिने? काहीतरी असणारच. बाईने नवऱ्याला दर्यात ढकललं, ते घरी बसून. हे मी माझ्या कानांनी चावडीवर ऐकलं आहे. ऐकलं आणि बिडी विझवून उठलो.

म्हणून सारंगवर माझा राग. मी त्याला म्हटलं होतं का खोटं बोल म्हणून? माझ्या चुकीची शिक्षा मी भोगली असती. पुस्तक गेलं असतं तर गेलं असतं. याला कोणी सांगितलं होतं माझ्या वतीने बोलायला? हे मी सोळा वर्षं स्वतःला सांगत होतो, आणि प्रत्येक वेळी मला ते पटत होतं.

या उन्हाळ्यात भावाचं ते सोळा नारळांचं पत्र आलं. त्यात हेही होतं, की गेल्या नारळीपुनवेला मंडळातल्या कोणीतरी सुलोचनाला सगळ्यांसमोर म्हटलं, "वहिनी, दर वर्षी कशाला त्रास घेता?" मी पत्र खिशात घातलं आणि तडक इंदिरा नगरला गेलो. गच्चीवर गेलो ते ओरडतच.

"सारंग, आता लिहून द्यायचं. तू खोटं बोललास म्हणून तू लिहायचं, मी खाली सही करतो. तू त्या बाईचं वाटोळं केलंस."

म्हातारा कपड्यांच्या दोरीशी उभा होता. वळला नाही. "मेलेल्याला कोण काय करणार होतं, भिक्या? मी जिवंतांची पुस्तकं वाचवली. गावात त्याचं असं होईल हे मला तेव्हा दिसलं नाही."

"मी सांगितलं होतं तुला?"

तेव्हा तो वळला. आवाज चढवला नाही. "बादली कोणी उचलली रे?"

मी जिन्याकडे सरकलो.

"मी कॅप्टनला ताप म्हणालो. ताप असलेला माणूस कपडे धूत नाही. मी खाली आलो तेव्हा मागचा डेक साफ होता. कपडे दोरीवर वाळत होते, वेगवेगळ्या माणसांच्या कपड्यांत मिसळून. साबण जागेवर. चपला खोलीत, खाटेखाली जोडून ठेवलेल्या. मी तुला सांगितलं होतं?"

त्याने नव्हतं सांगितलं. चौकशी संपल्यावर कॅप्टन मागच्या डेकवर येईल हे मला कळलं आणि मी पळत जाऊन ते सगळं केलं. अनंताचे कपडे मी माझ्या हातांनी पिळले. हे मी विसरलो नव्हतो. फक्त त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि सारंगवर संतापलेला असलो की बघावं लागत नव्हतं. त्या चपला नि ती बादली तिथेच राहिली असती, तर कागदावर काहीही लिहिलं असतं तरी अनंताने उडी मारली असं कोणी म्हणालं नसतं.

मी जिन्यावर बसलो. सून चहा घेऊन आली, आमच्याकडे बघून तशीच परत गेली. सारंग म्हणाला, "लिहू. दोघे लिहू. हात थरथरतो माझा, मोहनला सुटी असेल तेव्हा त्याच्याकडून लिहून घेतो, मी सही करतो. येत्या रविवारी ये."

मी शनिवारीच कोरे कागद आणून ठेवले. रविवारी सकाळी दुकानाच्या फोनवर मोहनचा आवाज आला. सारंग पहाटे झोपेतच गेला होता.

भैंसाकुंडच्या स्मशानात आम्ही सातजण होतो. बँकेतले तीन, महाराष्ट्र मंडळातले दोन, मोहन आणि मी. उन्हाळ्यातली गोमती, तिच्यात गुडघाभर पाणी. सारंगने जन्मात इतकं कमी पाणी पाहिलं नसेल. सगळे हात जोडून उभे होते आणि माझ्या खिशात कोरे कागद होते. मला त्याच्यावर इतका राग आला की मी बाजूला जाऊन भिंतीवर मूठ मारली. एक दिवस थांबला असता. सोळा वर्षं थांबलो होतो आम्ही, याला एक दिवस थांबवलं नाही. मोहनला वाटलं मला दुःख अनावर झालं. त्याने मला जवळ घेतलं.

आता त्या जहाजावरचं, त्या दिवसाचं, सांगणारा मी एकटा उरलो आहे. आणि मला ठाऊक आहे गाव काय म्हणेल. भिक्याच तो. माशाच्या वाट्यासाठी कोळणीशी तासभर भांडणारा. सारंग मेल्यावर बोलतोय, म्हणजे काहीतरी साधायचं असणार. माझ्या शब्दाला मी स्वतःच काही किंमत ठेवलेली नाही, त्यामुळे तुम्हांला दोष देता येत नाही.

त्याच आठवड्यात मी एसटीडी बूथवरून गावात फोन लावला. किराणा दुकानातल्या पोरीने सुलोचनाला बोलावून आणलं. मी सगळं सांगितलं, न थांबता, भाव न करता. पाळी, चार तास, लाल बूट, बादली. मी म्हटलं, "वहिनी, तो रागावलेला नव्हता. पत्र मिळालं होतं. सुतळी माझ्याकडे आहे."

ती रडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. शिव्या मी खाल्ल्या असत्या. ती एवढंच म्हणाली, "मला कशाला सांगता, भावोजी? मला माहीतच होतं. पत्रात पोरीच्या पायाचं माप पाठवलं होतं, त्यावर कोण रागावेल? मी फक्त कोणीतरी मोठ्याने म्हणावं म्हणून विचारत होते. गावाला सांगा." आणि फोन ठेवला.

म्हणून गावाला सांगतो आहे.

मंडळी, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी तुम्हांला तो मागतच नाही. फक्त एक गोष्ट तुमच्या मनाशी लावून बघा. तुमच्यातले निम्मे दर्यावर होतात, तुम्हांला पाळी म्हणजे काय ते सांगायला नको. त्या सकाळी अनंताने माझ्याशी उद्याच्या चार तासांचा सौदा केला. जीव द्यायला निघालेला माणूस उद्याची पाळी उचलत नाही. पोरीचे बूट कुठल्या रंगाचे ते सांगत नाही. एवढं एकच माझ्याकडे आहे, आणि ते माझ्या लबाडीतूनच आलेलं आहे. मी चार तास मागितले म्हणून तो उद्याचं बोलला.

या कागदाबरोबर ती सुतळी पाठवतो आहे. सुयांच्या डब्यात होती, तिला तेलाचा डाग पडला आहे, गाठी तशाच आहेत. ती सुलोचनाच्या हातात द्या. मुलीला नको. ती आता अठरा वर्षांची झाली असेल, तिच्या पायाला त्याचा काय उपयोग.

तुम्ही विचाराल, तू का येत नाहीस? येऊन समोर उभा का राहत नाहीस? लखनौ माझं घर नाही. इथल्या उन्हात मी चौदा वर्षं काढली, इथलं खाल्लं, माझी मुलगी इथली झाली, पण मला इथे कोणी काही विचारणारं नाही. आणि गाव म्हटलं की मला ना आमचं अंगण दिसत, ना खाडी. एक बाई थांब्यावर उभी दिसते आणि मी खिडकी बदलून बसलेला दिसतो. तिथे जाऊन ती उभी होती त्या बाजूला उतरायचं, एवढंच मला गाव म्हणून उरलं आहे. ते तुमच्या हातात आहे.

सुकाणाचा नियम वर सांगितला आहे. सुटणारा मोठ्याने म्हणतो, येणारा परत म्हणतो, आणि मगच हात सुटतात. मी म्हणतो आहे: अनंत केशव भाटकर, दर्यात राहिला.

नारळीपुनवेला तुम्ही ते परत म्हणा. तोवर मी हात काढत नाही.